चौथं बोट

"नॉर्थ की साउथ?"

मी हे विचारलं तेव्हा माझ्या तोंडात अर्धा घास होता आणि मनात काहीच नव्हतं. कोरियन माणूस भेटला की आपल्याकडे हे विचारायचंच असतं, सोलापूरचा भेटला की चादरीचं विचारतो तसं. रिक्षावाले विचारतात, भाजीवाली विचारते, गेटवरचे वॉचमनकाका तर दर महिन्याला त्याच बाईला नव्यानं विचारायचे. उत्तरही ठरलेलं, 'साउथ, साउथ', आणि मग दोन्हीकडून हसणं. २०१३ चा पावसाळा होता. मी तेव्हा पुण्यात कल्याणीनगरात कोरियन बायकांना इंग्रजी शिकवायला जायचे. सकाळी सहाला नवरे गाडीत बसून रांजणगावच्या कारखान्यांच्या दिशेनं गेले की मागे मुलांच्या शाळा, ओले कपडे आणि एक परकं शहर एवढंच उरायचं. त्यातल्या एकीकडे सासरे आले होते, सोलहून, दोन महिन्यांसाठी. ऐंशीचे. काटक, पाठ ताठ, कानात यंत्र. तिनं मला जेवायला थांबवून घेतलं होतं, आणि गप्प कसं बसायचं म्हणून मी त्यांच्याकडे बघून हसत हसत विचारलं.

आजोबांनी चमचा खाली ठेवला. (भात चमच्यानं, बाकीचं काड्यांनी, हे मला त्या घरात कळलं.) उजव्या हाताची तीन बोटं वर केली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि सावकाश चौथं बोटही वर केलं. काहीतरी बोलले आणि स्वतःच हसले. सून हसली नाही.

"आबोनिम म्हणतात, हे त्यांना आजवर तीनदा विचारलंय. यू आर नंबर फोर." आबोनिम म्हणजे सासरे.

मीही हसले. घरी येताना रिक्षात बसल्यावर तेच टोचायला लागलं. विचारलं ते विचारलं, जीभ आहे, घसरते. पण त्यावर हसले कशाला?

पुढच्या आठवड्यापासून आजोबा आमच्या तासाला येऊन बसू लागले. शिकायचं काही नव्हतं त्यांना. पावसामुळे खाली चकरा मारता येत नव्हत्या आणि घरात ऐकणारं नवं माणूस आलं होतं, एवढंच असावं. मग तास असा व्हायला लागला: आजोबा कोरियनमध्ये बोलणार, सून त्याचं इंग्रजी करणार, मी तिचं इंग्रजी सुधारणार. 'ही वॉज टेक' नाही, 'ही वॉज टेकन'. हे मी खरोखर केलंय. एक म्हातारा माणूस आपल्याला कसं नेलं ते सांगतोय आणि मी त्याच्या सुनेचं व्याकरण तपासतेय. आजोबा पाच वाक्यं बोलायचे, ती एक सांगायची. मधली चार कुठं जातात, असं एकदा विचारलंच. म्हणाली, "काही शब्द मला इंग्रजीत येत नाहीत." मग कपात बघत, "आणि काही सासऱ्यांसमोर म्हणवत नाहीत." त्यामुळे माझ्याकडे आहे ते सगळं पाचातलं एक आहे.

कोरियन युद्धाला त्यांच्याकडे नुसतं 'युगिओ' म्हणतात. सहा-दोन-पाच. आपण सव्वीस-अकरा म्हणतो तसं, फक्त महिना आधी. २५ जून १९५०, रविवारची पहाट, उत्तर कोरियाची फौज दक्षिणेत घुसली. आजोबा सतरा वर्षांचे, सोलमध्ये शाळेत. तेव्हा तिथली माध्यमिक शाळा सहा वर्षांची असायची, म्हणून सतराव्या वर्षीही ते शाळकरी पोरच. वडलांचं कागदाचं दुकान. उत्तरेकडून तोफांचा आवाज दोन दिवस येत होता आणि रेडिओ सांगत होता, घाबरू नका. ज्यांचा आवाज लोकांना धीर देत होता ते राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही तोवर स्वतः सोल सोडून गेलेले होते. शहरातून दक्षिणेला जायचं तर मध्ये हान नदी. आजोबांच्या बाकावरचा जोडीदार सत्तावीस तारखेच्या संध्याकाळी घरच्यांबरोबर पूल ओलांडून गेला. जाताना भूमितीची वही परत द्यायला आला होता. आजोबांच्या घरी बोचकी बांधून तयार होती, पण आजीच्या पायाला सूज होती, पाऊस होता, अंधार होता. वडील म्हणाले, सकाळी निघू.

रात्री अडीचच्या सुमाराला पूल उडवला. शत्रू नदीपार येऊ नये म्हणून दक्षिणेच्याच सैन्यानं, वर माणसं असताना.

'सकाळी निघू' हे वाक्य सुनेनं पहिल्या झटक्यात अचूक सांगितलं. दुरुस्त करायला काही नव्हतं.

सोल उत्तरेच्या ताब्यात गेलं. जुलैत शाळेतून निरोप आला, सभा आहे, सर्वांनी यावं. सभागृहात नवे झेंडे, नव्या तसबिरी. व्यासपीठावरून एकानं विचारलं, तुम्ही कोणाच्या बाजूचे, जनतेच्या की शत्रूच्या? पुढच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, मी जातो. टाळ्या. मग त्याच्या शेजारचा. टाळ्या. मग अख्खी रांग. आजोबा सहाव्या रांगेत होते. दार आधीच लावलेलं होतं, हे त्यांना टाळ्या वाजवता वाजवता दिसलं. त्या फौजेला 'उइयोंगगुन' म्हणत, म्हणजे आपणहून लढायला आलेल्यांचं दल. त्यासाठी 'व्हॉलंटियर' हा शब्द सांगताना सून अडखळली आणि मी तो फळ्यावर लिहून दिला. साठ वर्षं झाली, आजोबांना टाळ्या चालत नाहीत. नातवाच्या शाळेत बक्षीस समारंभ असला की ते कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात. मला वाटायचं, म्हाताऱ्यांना गोंगाट सहन होत नाही.

हे पहिलं बोट.

दुसऱ्याकडे यायला त्यांना तीन आठवडे लागले. मधल्या काळात ते चालतच होते. रात्री चालायचं, दिवसा झाडाखाली पडून राहायचं, कारण दिवसाचं आकाश अमेरिकन विमानांचं. अंगात शाळेचीच पँट. पाठीवर दारूगोळ्याची पेटी, पट्टे खांद्यात रुतलेले. मुठीएवढा मिठाच्या भाताचा गोळा मिळायचा, ऑगस्टच्या उकाड्यात तो दुपारपर्यंत आंबायचा, तरी खायचा. तहान मात्र भुकेपेक्षा वाईट, असं ते दोनदा म्हणाले. भाताच्या खाचरातलं पाणी शर्टाच्या पदरातून गाळून प्यायचे. दक्षिणेच्या हातात तेव्हा देशाचा एक कोपरा तेवढा उरला होता आणि त्या कोपऱ्याची एक कड म्हणजे नाकडोंग नदी. तिथवर पोचले. १६ ऑगस्टला वेग्वानजवळ ९८ बी-२९ विमानांनी बॉम्ब टाकले, हा आकडा मी नंतर वाचला. आजोबांनी आकडा सांगितला नाही. त्यांनी टेबलावरची पाण्याची वाटी हातात घेऊन नुसती हलवली. जमीन अशी झाली होती, एवढंच. त्यांनी स्वतः गोळी झाडली का, कोणावर, हे मी विचारलं नाही. एका प्रश्नानं शहाणपण आलं होतं.

१५ सप्टेंबरला सोलजवळ इंचॉनला अमेरिकेच्या नेतृत्वाखालचं सैन्य उतरलं आणि खाली नाकडोंगवरची उत्तरेची फळी विस्कटली. ज्याला जसं जमेल तसं जो तो वर पळत सुटला. आजोबांनी एका ओसाड घरातून शेतकऱ्याचे पांढरे कपडे घेतले, पण केस बारीक कापलेले होते आणि सगळं तिथंच उघडं पडलं. डोक्यावरची टोपी काढायला लावली की संपलं. पकडणारा दक्षिणेचा शिपाई त्यांच्याच वयाचा, बोली आग्नेयेकडची. त्यानं विचारलं, उत्तरेचा की दक्षिणेचा? आजोबा म्हणाले, सोलचा. शाळा कुठली? सांगितली. शिपाई म्हणाला, माझा मावसभाऊ होता त्या शाळेत. आणि बंदुकीचा दस्ता तोंडावर मारला. दोन दात गेले. आजोबांचं म्हणणं, मावसभाऊ होता म्हणून दस्ता, नाहीतर गोळी होती. हे सांगताना त्यांनी दातांची कवळी जिभेनं जरा पुढे ढकलून दाखवली आणि सून "आबोनिम!" म्हणून ओरडली. आम्ही तिघंही हसलो. या वेळचं हसणं मला टोचलं नाही.

त्या दिवसांत मी रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरवर हेच वाचत बसायचे. तिथं पोहांग सापडलं. पूर्व किनाऱ्यावरचं गाव. ११ ऑगस्ट १९५० ला तिथल्या मुलींच्या शाळेत ७१ विद्यार्थी-सैनिक होते, दक्षिणेकडचे. धड प्रशिक्षण नाही, गणवेश शाळेचा. त्यातले ४८ त्या दिवशी मेले. एकाच्या खिशात आईला लिहिलेलं पत्र निघालं. ली वू-गुन, सोलच्या एका शाळेचा विद्यार्थी. आता ते पत्र पोहांगमध्ये दगडावर कोरलंय. त्यात तो आईला सांगतो की मी माणसं मारलीत, एका दगडी भिंतीच्या पलीकडची दहाएक तरी, हातबॉम्ब टाकून. ती शत्रूची होती पण आपलीच भाषा बोलणारी, आपल्याच रक्ताची होती, म्हणून छाती जड झालीय. आई, युद्ध का करावं लागतं, असं विचारतो. मग एकदम कपड्यांवर येतो. काल मी आतले कपडे स्वतःच्या हातानं धुऊन घातले, तू धुतेस तसे पांढरे नाही निघाले, आणि घालताना का कोण जाणे कफनाची आठवण झाली. मग म्हणतो, सांगचूच्या पानात बांधलेला भात खावासा वाटतो. झऱ्याचं पाणी प्यावंसं वाटतं, दात शिवशिवतील असं गार. शेवटी, ते येतायत, पुन्हा लिहीन. निरोप घेतो आणि लगेच खोडून काढतो, निरोप कसला, पुन्हा लिहिणारच आहे की.

सांगचू म्हणजे लेट्यूससारखी पानं. मी ते पत्र वाचलं तेव्हा पलीकडच्या खोलीत माझा मुलगा सीईटीचं पुस्तक पोटावर ठेवून झोपला होता. सतरा पूर्ण. त्यानं आजवर स्वतःची बनियन धुतलेली नाही. हॉस्टेलला जायची वेळ येईल म्हणून मी त्याला महिनाभर शिकवत होते आणि तो 'मशीन असतं गं आई' म्हणत होता. मी उठून गेले आणि त्याचं पांघरूण सारखं केलं, पंखा एकवर केला, परत येऊन बसले. आणि मग ती भिंत डोक्यातून जाईना. दगडी भिंतीच्या अलीकडे सोलच्या शाळेतला मुलगा. पलीकडेही कदाचित सोलच्याच शाळेतला. आजोबा पोहांगला नव्हते, ते नदीकडे होते, हे मला माहीत होतं. पण त्यांच्यासारखे कितीतरी असतील. एक पोरगं सत्तावीसच्या संध्याकाळी पूल ओलांडून गेलं, दुसरं आजीच्या सुजलेल्या पायापाशी थांबलं. विचार नाही, पक्ष नाही, पुस्तक नाही. बोचकी कधी उचलली, एवढ्यावरून ठरलं की भिंतीच्या कुठल्या बाजूला पालथं पडायचं. बाकावरच्या जोडीदाराचं पुढे काय झालं ते आजोबांना कळलं नाही. भूमितीची वही घरात होती, ती त्या हिवाळ्यात चुलीत गेली.

तिसरं बोट त्यांनी सांगितलं नाही.

मी अंदाज बांधला, तो असा. कैद्यांना गोजे बेटावर ठेवत. दीड लाखाच्या वर माणसं, तारेची कुंपणं, तंबू, चिखल, अंगावर उडवलेली डीडीटीची पांढरी पूड, कपड्यांवर रंगानं काढलेली पी आणि डब्ल्यू ही अक्षरं, प्रिझनर ऑफ वॉर, म्हणजे युद्धकैदी. पहारा तारेच्या बाहेर आणि आत मात्र कैद्यांचंच राज्य. काही कुंपणांत कम्युनिस्टांचं, काहींत त्यांच्या कट्टर विरोधकांचं. दिवस अमेरिकनांचा आणि रात्र ज्या-त्या टोळीची. रात्री खटले चालत आणि सकाळी प्रेत सापडे. विरोधकांच्या कुंपणांत माणसाच्या अंगावर घोषणा गोंदवत, म्हणजे मग त्याला उत्तरेत परत जायची सोयच नाही. मे १९५२ मध्ये कैद्यांनी चक्क छावणीच्या कमांडरलाच, एका अमेरिकन ब्रिगेडियर जनरलला, आत ओढून धरून ठेवलं होतं. अशा ठिकाणी अंधारात कोणीतरी कानाशी येऊन विचारत असेल, तू कुठला? आणि विचारणारा कुठला ते आवाजावरून ओळखायचं असेल. बरोबर उत्तर कुंपणागणिक वेगळं. हा सगळा माझा अंदाज. आजोबांकडून आलं ते एवढंच: मुलानं हौसेनं एका रविवारी अलिबागला नेलं तर ते गाडीतून उतरले नाहीत. समुद्राकडे पाठ करून बसले आणि नातवाला म्हणाले, तू जा, मी गाडी सांभाळतो. सून म्हणाली, "गोजेवर समुद्र दिसायचा ना तारेतून." मी पुढे विचारलं नाही, तिनं पुढे सांगितलं नाही. तिचं वाक्य व्याकरणानं चुकलं होतं. तसंच राहू दिलं.

पुढचं सुनेनं फोडणी करता करता पाच मिनिटांत उरकलं. दक्षिणेत जन्मलेले पण उत्तरेच्या फौजेत सापडलेले असे हजारो कैदी १९५२ च्या उन्हाळ्यात सोडले, त्यात आजोबा सुटले. घरी आले, वडील नव्हते, आजी होती. सुजलेला पाय तसाच, ती सगळ्यांना पुरून उरली. सहा महिन्यांत दक्षिणेच्या सैन्याचं बोलावणं आलं. गेले. त्यांना दोन नंबर पाठ आहेत, एक कैदी म्हणून मिळालेला आणि एक सैनिक म्हणून. दुसरा ते नातवाला अभिमानानं म्हणून दाखवतात. पहिला घरात कोणी काढत नाही.

मला मध्येच आपली फुशारकी मारायची हुक्की आली. आमचे वडील कोल्हापूरचे, त्यांच्या तोंडून लहानपणी शंभरदा ऐकलेलं: कोरियात कैद्यांचा गुंता झाला तेव्हा सोडवायला कोण गेलं, तर आपले थोरात! मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. युद्धविरामानंतर ज्यांना मायदेशी परतायचं नव्हतं असे बावीस हजारांवर कोरियन आणि चिनी कैदी भारतीय पथकाच्या ताब्यात दिले होते. आपलेच थिमय्या त्यासाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष, थोरात त्या पथकाचे प्रमुख. आपले जवान एकेका कैद्याला तंबूत घेऊन जायचे, तिथं त्याच्या देशाचे लोक त्याला समजावणार, आणि तंबूला बाहेर जायची दारं दोन. एक परत घरी, एक परत छावणीत. हे सगळं मी हातवारे करून सांगितलं. तिसरं दार नव्हतंच, तरी ८८ जणांनी ते मागितलं. ना उत्तर, ना दक्षिण, ना चीन, ना तैवान. त्यातले ७६ कोरियन. ते १९५४ मध्ये बोटीनं मद्रासला उतरले आणि पुढे बरेचसे दक्षिण अमेरिकेत गेले. मला वाटलं होतं आजोबा खूश होतील. ते मिस्कीलपणे म्हणाले, आम्हाला तेव्हा सैन्यात सांगितलं होतं, इंदोवाले, म्हणजे भारतवाले, कम्युनिस्टच, त्यांच्यावर भरवसा नको. ही काही अफवा नव्हती म्हणा. ऱ्ही सरकारनं भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू दिला नव्हता, इंचॉनच्या बोटींवरून त्यांना हेलिकॉप्टरनं थेट सीमेवरच्या पट्ट्यात न्यावं लागलं. वडलांच्या गोष्टीत हा भाग नसायचा. आपण कोणाच्याच बाजूचे नाही, हे आपल्याला वाटत होतं, बाकी सगळ्यांनी आपली बाजू ठरवून टाकलेली होती.

८८ जणांचं मात्र आजोबांनी सुनेला पुन्हा विचारून घेतलं. किती? आणि कुठं गेले? ती दोनदा सांगून दमली. ते बराच वेळ खिडकीतून खालच्या रस्त्यावरचा पाऊस बघत राहिले. त्यांना त्यात कोणी ओळखीचं आठवत होतं, की स्वतःला तसं विचारलं असतं तर काय, हे चाललं होतं, देव जाणे. पाचातलं एकही वाक्य त्या दिवशी माझ्यापर्यंत आलं नाही.

गणपती बसायच्या आधी ते परत जाणार होते. आदल्या दिवशी मला जेवायला बोलावलं. टेबलाच्या मधोमध भाजायचा तवा, त्यावर डुकराच्या मांसाच्या पट्ट्या चुरचुरत होत्या. वाट्यांमध्ये किमची, लसणाच्या चकत्या, तांबूस रंगाचं दाट तिखट, आणि एका परातीत धुतलेली सांगचूची हिरवी पानं. अजून पाणी निथळत होतं त्यांच्यावरून. मी डुक्कर खात नाही म्हणून माझ्यासाठी मशरूम. त्या पानांकडे बघून मला पोहांगचं पत्र आठवलं आणि घशाशी काहीतरी आलं. तिसऱ्या बोटाचं आज विचारावं, असं ठरवून गेले होते. उद्या माणूस जाणार. ऐंशीचं वय. पुन्हा कुठं भेटणार? सूनही त्या दिवशी मोकळी होती, सगळं सांगेल असं वाटत होतं. मी पाणी प्यायले, वाक्य सोपं करून मनात मांडलं, आणि म्हणाले, "आजोबा, एक विचारू?"

त्यांना 'आजोबा' तेवढं कळायचं. त्यांनी परातीतलं सगळ्यात मोठं पान घेतलं, तळहातावर पसरलं. त्यावर भात, एक मशरूम, लसणाची चकती, बोटानं तिखट. चारी कडा मुडपून पुडी केली, पानवाला विडा बांधतो तशी, आणि हात लांब करून सरळ माझ्या तोंडासमोर धरली. मी सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "चावून अर्धा नाही खायचा, सोनसेंगनिम. एकदम." सोनसेंगनिम म्हणजे बाई, शिकवणाऱ्या.

मी आ केला. घास एवढा मोठा होता की गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, बहुधा लसणानं. मी चावत राहिले. आजोबा दुसरं पान निवडायला लागले.